ढकलोजीचा उतार

एका जंगलात गवे होते, म्हणून शेण होतं. शेण होतं, म्हणून शेणकिडे होते. ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं. ही गोष्ट शेणात सुरू होते आणि शेणातच संपते. मधे स्वच्छ जागा लागत नाही.

मुलांनो, हे जंगल एका डोंगराच्या उतारावर होतं. वर मोकळा माळ, खाली खोल घळ. माळावर गवत उगवायचं. गवे ते खायचे आणि तिथंच पो टाकायचे. शेणकिडे त्या पोचे गोळे करायचे, ढकलत थोडे लांब न्यायचे आणि माळाच्या मातीत पुरायचे. त्यातलं थोडं स्वतः खायचे, थोडं पोरं खायची, उरलेलं माती खायची. मग पुन्हा गवत यायचं. या सगळ्याला कुणी काही नाव दिलेलं नव्हतं. जे रोज होतं त्याला नाव देत बसायला कुणाला सवड नव्हती.

शेणकिडा गोळा कसा ढकलतो हे पाहिलं नसेल तर सांगतो. तो डोकं जमिनीला टेकवतो. पुढचे पाय मातीत रोवतो. मागचे पाय गोळ्यावर ठेवतो आणि उलटा चालतो. म्हणजे जिकडे जायचं तिकडे पाठ. आपण कुठं चाललो आहोत हे त्याला मुळीच दिसत नाही. म्हणून त्याची कारभारीण गोळ्यावर बसते आणि वरून वाट सांगते. डावीकडे घ्या. पुढं दगड आहे. थांबा, मुंग्या जाऊ द्या. तो ढकलतो, ती बघते. कौतुक ढकलणाऱ्याचं होतं, कारण धाप त्याला लागते.

आपणही बहुतेक असेच चालतो. पण आपली गोष्ट सांगितली तर कुणी ऐकणार नाही, म्हणून किड्याची सांगतो.

या शेणकिड्यांत ढकलोजी नावाचा एक होता. तो लहान होता तेव्हा आईबरोबर एका ताज्या पोवर गेला होता. तेवढ्यात गव्यांचा कळप आला. कळपाच्या पुढं असायची थोरली. सगळ्यांत म्हातारी, सगळ्यांत मोठी गवी. पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे तिचे पाय. तिचा एक पाय ढकलोजीच्या अगदी शेजारी पडला. आईनं केलेला गोळा सपाट झाला. आईनं पोराला मागच्या पायाला धरून ओढलं म्हणून पोर वाचलं.

थोरली निघून गेली. तिनं खाली पाहिलंसुद्धा नाही.

ढकलोजीनं विचारलं, "आई, ती आपल्यावर रागावली होती का?"

आई म्हणाली, "रागवायला आधी दिसावं लागतं, बाळा."

हे वाक्य त्याच्या मनात रुतून बसलं. त्यानं तिथंच ठरवलं. एक दिवस ही थोरली मान खाली घालील, आपल्याकडे बघील आणि आपल्याला नावानं हाक मारील. दुसऱ्या किड्यांना मोठा गोळा हवा असायचा. याला थोरलीची नजर हवी होती. मोठेपणाची भूक लागलेल्याला साधं जेवण गोड लागत नाही.

शाळेत तो फार टिकला नाही. किड्यांच्या शाळेत गोळा गोल का असतो हे शिकवायचे. ढकलोजीला तो गोल असतो एवढं पुरे होतं. पुढं मोठा झाल्यावर आपण शाळा कशी सोडली हे तो प्रत्येक भाषणात सांगायचा, आणि शाळा पुरी केलेले किडे टाळ्या वाजवायचे.

यथाकाळ त्याचं लग्न झालं. बायकोचं नाव भिंगरी. नजर तीक्ष्ण, जीभ त्याहून तीक्ष्ण. ती गोळ्यावर बसायची, तो ढकलायचा. संसार बरा चालला होता.

एके सकाळी दोघांचं काहीतरी बिनसलं. कशावरून ते आता कुणाला आठवत नाही. ढकलोजी तोंड फुगवून गोळा ढकलत होता. वरून भिंगरी म्हणाली, "अहो थांबा, माळ संपला. पुढं कडा आहे."

ढकलोजी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता. त्यानं आणखी एक रेटा दिला.

भिंगरीनं वेळेवर उडी मारली. गोळा गेला. घरंगळत, उड्या मारत, थेट खाली घळीत जाऊन पडला. शेजारपाजारचे किडे जमले. बिचाऱ्याची सकाळची मेहनत गेली म्हणून हळहळले. एकानं आपल्या गोळ्यातला तुकडाही देऊ केला.

गोळा गेल्याचं वाईट सगळ्यांना वाटलं. तो न ढकलता गेला, हे एकट्या ढकलोजीच्या ध्यानात आलं.

म्हणजे बायकोचं न ऐकल्यामुळे हा शोध लागला. पुढं त्याचं जे चरित्र सांगितलं जायचं त्यात मात्र 'कड्यावर बसून चिंतन करत असताना' असं यायचं.

ढकलोजी कामाला लागला. माळापासून घळीपर्यंत त्यानं एक चर खणला. तळ घासून गुळगुळीत केला. वळणावर कड बांधली. वर गोळा सोडला की तो सरळ खाली यायचा. ना पाय लागायचे, ना धाप. त्यानं त्याला नाव दिलं 'उतार'. डोंगराला उतार आधीपासून होता. पण नाव ढकलोजीनं दिलं, म्हणून उतार त्याचा झाला.

पहिल्या प्रयोगाला त्यानं सगळ्यांदेखत भिंगरीला गोळ्यावर बसवलं. गोळा सुटला. एकदा भिंगरी वर, एकदा गोळा वर. खाली पोचल्यावर ती शेणानं माखून चालत परत आली.

ती म्हणाली, "वाट बघायची नाही, तर मला कशाला बसवलंत?"

ढकलोजी म्हणाला, "खरंच की. आता कुणी बघायची गरजच नाही. वाट चराला ठाऊक आहे."

भिंगरी परत गोळ्यावर बसली नाही. हीसुद्धा एक सुधारणा झाली, असं ढकलोजीनं धरलं.

मग सगळेच किडे आपले गोळे चरात सोडू लागले. खाली घळीत ढकलोजीची माणसं, म्हणजे किडेच, ते उतरवून घ्यायचे. ज्याचा गोळा त्यानं घळीत येऊन खायचा. ढकलोजी प्रत्येकातून एक चिमूट ठेवून घ्यायचा. चिमूटच ती. तिच्याबद्दल बोलणं कुणाला बरं वाटेना. एक चर पुरेना, म्हणून दुसरा खणला. मग माळाच्या प्रत्येक कोपऱ्यातून चर निघाले. सगळे चर एकाच जागी येऊन मिळायचे.

चिमटीचा ढीग झाला. ढिगाचा डोंगर झाला. ढकलोजी त्या डोंगराच्या माथ्यावर राहू लागला. वास यायचा. पण आपल्या शेणाचा वास आपल्याला येत नाही.

लोक त्याला 'दूरदृष्टीचा' म्हणू लागले. तरुण किडे त्याच्यासारखं तोंड करून उभे राहायचे. पाय वापरणारा एखादा म्हातारा दिसला की हसायचे. थोड्याच काळात अशी पिढी आली की जिनं गोळा पायानं कधी ढकललाच नव्हता. मागचे पाय कशाला असतात, असं विचारलं तर ती म्हणायची, शोभेला.

इकडे वर माळावर काय झालं ते सांगायचं राहिलं. ते ढकलोजीच्याही लक्षात यायचं राहिलं होतं.

सगळं शेण खाली जायचं. माळाच्या मातीत काही पुरलं जाईना. पहिल्या वर्षी गवत गुडघ्यापर्यंत आलं. पुढच्या वर्षी घोट्यापर्यंत. नंतर जागोजागी लाल मुरूम दिसू लागला. गव्यांच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. गवे कमी खाऊ लागले, म्हणून पो लहान पडू लागले. किड्यांनी ढकलोजीकडे तक्रार केली. त्यानं विचार केला आणि चरांचा उतार आणखी वाढवला.

ढकलोजीच्या पदरी एक टिटवी होती. टिटवी रात्री पाय वर करून झोपते. आभाळ आपणच तोलून धरलं आहे, असा तिचा समज असतो. असा समज असणाऱ्यांना मोठ्यांच्या पदरी काम लवकर मिळतं. ढकलोजीचं नाव चारी दिशांना ओरडून सांगणं हे तिचं काम. ते ती न सांगताही करायची.

एक दिवस तिनं बातमी आणली. गवे जंगल सोडून निघणार. डोंगरापलीकडे गवत आहे म्हणतात. थोरलीनं ठरवलं आहे.

शेणाची ढकलोजीला चिंता नव्हती. त्याच्या डोंगरावर सात पिढ्या जेवल्या असत्या. पण थोरली गेली तर? एवढा डोंगर उभा केला तो कुणासाठी? तिनं अजून एकदाही खाली पाहिलं नव्हतं. तो म्हातारा झाला होता. पाठीची चकाकी गेली होती. पुढच्या जंगलात जाऊन नवा डोंगर उभा करायला आता वेळ नव्हता.

टिटवी म्हणाली, "ढकलोजीराव, आता तुम्ही देऊ लागा."

"काय देऊ?"

"जे आहे ते. दान करा."

"त्यानं काय मिळतं?"

"नाव."

"नाव तर आहे."

"ते घेणाऱ्याचं आहे. देणाऱ्याचं वेगळं असतं. थोरली घेणाऱ्याकडे बघणार नाही. देणाऱ्याकडे बघावंच लागतं."

हे ढकलोजीला पटलं. त्याच दिवसापासून तो दानशूर झाला. सवय नव्हती, म्हणून सुरुवात लहान प्राण्यांपासून केली. पहिला मान सशाचा. सशाला बोलावलं, पानांचा हार घातला आणि एक गोळा त्याच्या हातात दिला. गोळ्यावर पान चिकटवलेलं. 'ढकलोजी यांजकडून.' ससा भल्या घरचा. त्यानं दोन्ही हातांनी गोळा घेतला, कपाळाला लावला, चार चांगले शब्द बोलला आणि वळणापलीकडे गेल्यावर झुडपाखाली ठेवून दिला. साळिंदराच्या काट्यांत गोळा अडकवून दिला. त्याला तो काढता येईना, म्हणून तो बरेच दिवस दान घेतलेला म्हणून ओळखला जात होता. मोरानं सांगितलं की मी शाकाहारी आहे. शेणही शाकाहारीच असतं असं टिटवीनं समजावलं, तेव्हा मोर म्हणाला, मग मी उपवास करतो.

ढकलोजीला समाधान होईना. त्यानं हुकूम सोडला की शेण माळावर पाठवा. गवत आलं पाहिजे, गवे राहिले पाहिजेत, आणि हे कुणामुळे झालं ते थोरलीला कळलं पाहिजे.

किड्यांनी मोठा गोळा आणला आणि चराच्या खालच्या तोंडाशी ठेवून वर लोटला. गोळा थोडा वर गेला, थांबला, आणि परत आला. पुन्हा लोटला. पुन्हा आला. तिसऱ्या खेपेला तो लोटणाऱ्यांना घेऊनच आला.

तेव्हा ढकलोजीच्या लक्षात आलं. आयुष्यभर त्यानं जेवढे चर खणले, ते सगळे खाली येणारे होते. वर जाणारा एकही नव्हता.

जाणत्या किड्यांची बैठक बसली. खूप शिकलेले होते ते. गोळा गोल का असतो हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून तो परत का येतो हेही त्यांनी नीट समजावून सांगितलं. एकानं चर आणखी गुळगुळीत करा म्हटलं. दुसऱ्यानं गोळा चौकोनी करा म्हटलं. एक तरुण किडा उठला आणि म्हणाला, माळच खाली आणावा. हे सगळ्यांना धाडसी वाटलं. त्यावर विचार करायला आणखी एक बैठक ठरली.

भिंगरी कोपऱ्यात बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. पण ढकलोजीच्या घरातच बैठक होती, आणि घर तिचंही होतं.

ती म्हणाली, "शेण वर न्यायला चर लागत नाही. पाय लागतात."

तरुण किड्यांनी आपापल्या मागच्या पायांकडे पाहिलं.

ढकलोजी म्हणाला, "तू गप्प बस. मोठी कामं पायानं होत नसतात."

"नसतील. लहान कामं पायानंच होतात. ती केली असती तर हे मोठं काम निघालंच नसतं."

ढकलोजीला राग आला. भिंगरीचं म्हणणं खोटं ठरवता आलं नाही की त्याला राग यायचा. लग्न झाल्यापासून यायचा.

शेवटी टिटवीनं तोड काढली. दान वर जात नसेल तर घेणाऱ्यांनी खाली यावं. घळीत मोठा समारंभ करू. साऱ्या जंगलाला बोलावू. थोरलीच्या हस्ते, नव्हे, थोरलीलाच दान देऊ. निघण्याआधी एकदा येऊन जा म्हणावं, तुमच्या गवतासाठीच हे चाललं आहे.

ढकलोजीला रात्रभर झोप आली नाही. थोरली येणार होती.

समारंभाचा दिवस उजाडला. शेणाच्या डोंगराच्या माथ्यावर ढकलोजी उभा राहिला. पाठीला तेल लावून ती पुन्हा काळी चकचकीत केली होती. डोंगरही रात्री पाणी मारून ताजा दिसेलसा केला होता. जंगलातले झाडून सारे प्राणी घळीत उतरले. दान घ्यायचं होतं म्हणून नव्हे. ढकलोजी काय करतो ते बघायचं होतं म्हणून.

आणि गवे आले. पुढं थोरली. हाडं वर आलेली, पण चाल तीच. गवत मिळणार असं तिनं ऐकलं होतं. तिनं डोंगराचा वास घेतला आणि एक पाऊल मागं सरली.

टिटवी बोलायला लागली. ढकलोजीरावांनी किती कष्टानं हे मिळवलं आणि किती मोठ्या मनानं ते आज परत देत आहेत, हे तिनं सांगितलं. 'परत' हा शब्द तिनं सहज वापरला. तिच्या ध्यानात आलं नाही. थोरलीच्या ध्यानात आला.

थोरलीनं विचारलं, "देणारा कुठाय?"

टिटवी म्हणाली, "हे काय, आपल्या समोरच उभे आहेत."

थोरलीनं मान खाली घातली. अगदी खाली. ज्या क्षणासाठी ढकलोजीनं जन्म घालवला होता तो हा क्षण. तिचा गरम श्वास त्याच्या अंगावर आला. तिचा एवढा मोठा डोळा त्याच्या समोर होता. त्या डोळ्यात त्याला डोंगर दिसला. डोंगरावर कुणी दिसलं नाही.

काळा किडा, काळ्या शेणावर उभा.

थोरलीनं बराच वेळ पाहिलं. म्हातारी होती, पण नजर अधू नव्हती. मग म्हणाली, "बाई, मला शेण दिसतंय. आणि ते आमचंच आहे."

कुणी हसलं नाही. सशानं तेवढं तोंड फिरवलं.

थोरली वळली. वळता वळता तिनं, गव्यांच्या रीतीप्रमाणे, शेपूट वर केलं आणि डोंगराच्या पायथ्याशी एक पो टाकला. कुणाचा अपमान करायचा म्हणून नव्हे. आला, म्हणून टाकला. मग ती कळप घेऊन माळाच्या दिशेनं चढू लागली.

मुलांनो, शिळं आणि ताजं यांतला फरक शेणकिड्याला शिकवावा लागत नाही. वास सुटला, आणि रांगेत उभे असलेले सगळे मानकरी किडे हार टाकून पळाले. जाणते पळाले. माळ खाली आणणारा तरुण सगळ्यांच्या पुढं होता. माथ्यावर ढकलोजी एकटा उरला. टिटवी अजून बोलतच होती. तिचं कुणी ऐकलं किंवा नाही ऐकलं तरी फरक पडायचा नाही.

ढकलोजीचे पाय शिवशिवू लागले. मागचे पाय. इतकी वर्षं शोभेला असलेले. आपल्याला काय होतंय हे त्याला कळेना. तो उतरू लागला.

टिटवी म्हणाली, "ढकलोजीराव, आभार राहिलेत अजून."

तो गेला. पोपाशी पोचला, धक्काबुक्कीत घुसला, आपला वाटा घेतला आणि गोळा करू लागला. हात विसरले नव्हते. लहानसाच गोळा झाला. मग त्यानं डोकं मातीला टेकवलं, मागचे पाय वर ठेवले आणि ढकललं.

घळीत एक अडचण असते. तिथं उतार संपलेला असतो. कुठूनही निघा, चढच.

त्यानं आपल्याच चरातून गोळा वर न्यायचा प्रयत्न केला. पाय ठरेनात. तळ त्यानंच घासून गुळगुळीत केला होता. गोळा त्याच्या अंगावरून खाली आला. दुसऱ्यांदाही आला. तो उताणा पडला. उताणा पडलेला शेणकिडा फार केविलवाणा दिसतो, दानशूर असला तरी.

तेवढ्यात कुणीतरी त्याला सरळ केलं. भिंगरी होती. ती गोळ्यावर चढून बसली.

"चर सोडा," ती म्हणाली. "उजवीकडे मुळं आहेत. तिथं पाय ठरेल."

"चढ आहे फार."

"दिसतोय मला. तुम्हाला नाही दिसायचा. ढकला."

तो ढकलू लागला. मुळांमधून, दगडांच्या कडेनं. भिंगरी वरून सांगत होती. तो ऐकत होता. ऐकल्याशिवाय इलाज नव्हता, पुढचं काही दिसत नव्हतं. दोनदा धाप लागून थांबला. तिनं घाई केली नाही. एकदा तो म्हणाला की हे माझ्या वयाला शोभत नाही. ती म्हणाली, शोभेचं आता झालं की सगळं. दुपार कलली तेव्हा ते माळावर पोचले.

माळ लाल आणि उघडा होता. गवताची काडी नव्हती. पलीकडून गव्यांचा कळप निघाला होता, जंगल सोडून. आणि तो नेमका त्यांच्याच दिशेनं येत होता.

भिंगरी म्हणाली, "अहो, पाय आला."

ढकलोजीनं हलायचं म्हटलं, पण अंगात त्राण नव्हतं. त्याच्यावर सावली पडली. पांढरा मोजा वर उचललेला दिसला. त्याला आई आठवली.

पाय हवेतच थांबला.

लाल मुरमावर एक काळा ठिपका. लपायला काही नव्हतं. न दिसून कसं चालेल?

थोरली म्हणाली, "बाजूला हो रे किड्या. चिरडला जाशील."

तो बाजूला झाला नाही, त्याला जमलंच नाही. म्हणून तिनंच पाय बाजूला ठेवला आणि पुढं गेली. मागच्या गव्यांनीही थोरलीनं ठेवला तिथंच पाय ठेवला. सगळा कळप ढकलोजीला वळसा घालून गेला.

धूळ बसली. भिंगरीनं विचारलं, "एवढी बोलली तुमच्याशी. नाव का नाही सांगितलंत?"

"राहिलं," ढकलोजी म्हणाला. मग तो हसायला लागला. त्याला हसताना तिनं बऱ्याच वर्षांनी पाहिलं. "हिला दिसावं म्हणून डोंगर उभा केला. आणि दिसलो कुठं, तर टकल्या माळावर."

"टक्कल कुणी पाडलं?"

"मीच की. लोक मला दूरदृष्टीचा म्हणायचे, भिंगरे. मी जन्मात कधी पुढं तोंड करून चाललो नाही."

"मी सांगत होते पुढचं."

"हो. म्हणून तुला उतरवलं."

दोघांनी मिळून खड्डा केला आणि गोळा पुरला. त्यावर पान लावायचं ढकलोजीच्या मनात आलं होतं. पण माळावर एकही पान नव्हतं.

गोष्ट इथं संपली असती तर बरं होतं. पण टिटवीनं वरून उडताना हे सगळं पाहिलं. तिनं चारी दिशांना ओरडून सांगितलं की ढकलोजीरावांनी नवा शोध लावला आहे. त्याचं नाव 'चढ'. यात गोळा खालून वर जातो, आणि फक्त पाय लागतात.

तरुण किड्यांच्या झुंडी आल्या. आम्हाला शिकवा म्हणाले. ढकलोजीनं खूप सांगितलं की हे माझी आजीसुद्धा करायची, तुमचीही करायची. त्यांना तो विनय वाटला. शेवटी त्यानं एकच धडा दिला. डोकं खाली घाला, बायकोचं ऐका. हे फार खोल आहे, असं म्हणून ते गेले आणि त्याप्रमाणे करू लागले. जुनं आहे म्हटलं असतं तर एकानंही केलं नसतं.

डोंगर हळूहळू उतरला, म्हणजे वर गेला. माळावर पुन्हा गवत आलं. वास लागला तसे गवेही परत आले. थोरली पुढं होती. गवत कुणी आणलं हे तिनं विचारलं नाही. गवत आहे एवढं तिला पुरे होतं. खाली घळीत टिटवीनं एक मोठा दगड उभा केला. 'ढकलोजी यांच्या औदार्यानं.' तिथं बघायला कुणी जात नाही. वास अजून आहे.

एकदा ढकलोजी आणि भिंगरी माळावरून चालले होते. आपला गोळा पुरला होता ती जागा त्यानं ओळखली. तिथं गवताचा एक दाट झुबका आला होता. ससा तो खात होता.

ससा म्हणाला, "या, ढकलोजीराव. इथलं गवत फार गोड आहे. आपोआप उगवलंय. कुणी दिलेलं नाही, म्हणून कपाळाला लावावं लागत नाही."

ढकलोजीनं तोंड उघडलं. भिंगरीनं त्याचा पाय दाबला.

"असेल," ढकलोजी म्हणाला.

तात्पर्य : दान करायचं तर खाली घळीतच करावं. डोंगर रचून, त्यावर उभं राहून आणि टिटवी बोलावून करावं. माळावर गुपचूप पुरू नये. तिथं नुसतं गवत उगवतं, आणि ते ससा खाऊन जातो.